काशीला सोडलेलं कटलेट

"एक टोन्कात्सु," पद्मजानं मेन्यू न उघडताच सांगितलं. "माझ्यासाठी."

समोर बसलेल्या ईशानच्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला. ऑर्डर घ्यायला आलेल्या मिसेस ओकाडाही जरा थबकल्या. या बाईंनी कित्येक वर्षं त्यांच्या हॉटेलात भात, कोबी आणि चहा यापलीकडे काही घेतलं नव्हतं. मग मान लववून त्या आत गेल्या.

"आई, अगं काय मागवलंस ते कळतंय का तुला?"

"पोर्क. तळलेलं. हे हॉटेल मीच शोधून काढलंय, मला कळणार नाही?"

ते खरंच होतं. अमेरिकेतल्या बेलव्ह्यूत काचेचे टॉवर उभे राहण्याच्या कितीतरी आधीचं हे जपानी हॉटेल. पद्मजा तेव्हा नवी इंजिनियर, ऑफिसात एकटी बाई. दुपारच्या सुट्टीत पुरुषांच्या गप्पा ऐकत डबा खायचा कंटाळा आला म्हणून एक दिवस ती चालत इथे आली आणि पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेल्या या कटलेटच्या प्रेमातच पडली. शशिकांतला, म्हणजे नवऱ्याला, तिनंच इथे आणलं. आधी त्यानं नाक मुरडलं. मग असा चटावला, की दर शनिवारी गाडी इकडेच वळायला लागली.

पुढे शशिकांतची बायपास झाली. बरा झाल्यावर दोघं पुण्याच्या नातेवाइकांबरोबर काशीला गेली. काशीला गेलं की आवडीचा एखादा पदार्थ तिथे सोडून यायचा, पुन्हा जन्मभर तोंडात घालायचा नाही, अशी रीत. माणसं हुशार असतात. जे ताटात आलं तरी बाजूला सारायचं, तेच नेमकं देवाला देऊन मोकळी होतात. शशिकांतनं पडवळ सोडलं. पद्मजाचं सुटलं ते टोन्कात्सु.

नातेवाइकांत त्याचं केवढं कौतुक झालं. "वहिनीनं जीव की प्राण असलेली गोष्ट सोडली, म्हणून आमचा दादा उभा आहे," असं शशिकांतची बहीण उल्का भेटेल त्याला सांगायची. ईशाननं तर स्वतःच्या लग्नात भर माइकवर ती गोष्ट सांगितली होती. माझे आईबाबा म्हणजे हे, असं म्हणाला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पद्मजा पदर सावरत बसून राहिली.

शनिवार मात्र चुकले नाहीत. शशिकांत समोर बसून कटलेटला वाटलेली मोहरी लावून चवीनं खायचा आणि ती कोबी चिवडत बसायची. गेल्या वर्षी तो गेला. काल वर्षश्राद्ध झालं. आज शनिवार, आणि बाबांची आठवण म्हणून ईशान मोठ्या मायेनं आईला इथे घेऊन आला होता.

"हे तू बाबांसाठी सोडलं होतंस," तो आवाज खाली आणून म्हणाला. "ते गेले म्हणजे प्रॉमिस संपलं का? उल्काआत्याला कळलं तर काय वाटेल?"

"तिला फोटो पाठव."

"आई, मी सीरियसली बोलतोय. तुला राग आलाय, आय गेट इट. देवावर काय चिडायचं ते चीड. पण हे मोडू नकोस. माझ्याकडे बाबांचं आणि तुझं एवढंच तर आहे सांगायला."

पद्मजाला राग आला होता, हे खरं. पण तो देवावर नव्हता. देव बिचारा यात कुठे आलाच नव्हता.

कटलेट आलं. सोनेरी, गरम, पट्ट्यांत कापलेलं. मिसेस ओकाडांनी न सांगता मोहरी जरा जास्तच ठेवली होती. त्या वासानं पद्मजाच्या तोंडाला पाणी सुटलं आणि डोळ्यांनाही. शशिकांत आठवला. आठवणारच. माणूस प्रेमळ होता, संसार चांगला झाला होता. त्याच्या हयातीत तिनं त्याला चारचौघांत कधी खाली बघायला लावलं नव्हतं.

ईशाननं हात पुढे करून प्लेट स्वतःकडे ओढली. "प्लीज, आई. माझ्यासाठी."

"त्यांच्यासाठी झालं, आता तुझ्यासाठी? हात काढ."

आवाज चढला नव्हता, तरी चाळिशीतल्या ईशाननं मुकाट्यानं हात मागे घेतला. पद्मजानं प्लेट पुढ्यात घेतली, एका तुकड्याला भरपूर मोहरी लावली आणि खाल्ला. शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल इतका कुरकुरीत होता तो. ती सावकाश चावत राहिली. ईशानला बघवेना.

"स्वतःच सोडलंस," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आणि स्वतःच खातेस."

पद्मजानं घास संपवला. ओठ टिपले.

"मी सोडलंच नव्हतं, ईशान. घाटावर गुरुजींनी मला विचारलं, काय सोडणार? आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तर तुझ्या बाबांनी दिलं."