मनगटावरचं बटण

"तुमची मालिका मोठ्यांसाठी नव्यानं करतोय, सर. रक्त घातलं, शिव्या घातल्या. अजून काय हवं?" अड्यारच्या ऑफिसात लेखिका कीर्तनानं पानं पुढे सरकवली.

लहान मुलांच्या त्या जुन्या मालिकेत भीमसेनराव पाच वीरांपैकी पिवळे वीर होते. संकटात सापडले की मनगटावरचं बटण दाबायचे आणि उरलेले चौघे क्षणात हजर व्हायचे.

"रक्त काढून टाक, अम्मा," पानं न वाचताच ते म्हणाले. "पिवळा आता म्हातारा झालाय, एकटा राहतो. न्हाणीघरात पाय घसरून पडतो. उठता येत नाही. जुन्या सवयीनं मनगट दाबतो."

"आणि चौघे येतात?"

भीमसेनरावांनी प्लास्टरमधला हात टेबलावर ठेवला.

"दुसऱ्या दिवशी कामवाली आली."