तबकडीचं वजन

नेलिदाने टेबलाखाली वाकून दोरा पुन्हा एकदा ताणून पाहिला. मासेमारीचा, बारीक, सहज नजरेला न पडणारा. त्याचं एक टोक तराजूच्या वजनांच्या पारड्याला खालून बांधलेलं होतं. तिथून तो टेबलाच्या फटीतून खाली यायचा आणि त्याच्या फासात तिचं पाऊल बसायचं. टाच टेकवून चवडा जरा दाबला, की वजनांचं पारडं खाली जायचं आणि समोरचं वर.

दर रविवारी प्रयोगाच्या वेळी हे असंच चालायचं. आजवर कुणाला पत्ता लागला नव्हता. पण आज कोर्दोबाहून पदार्थविज्ञानाच्या डॉक्टर गास्पारी प्रयोग तपासायला येणार होत्या, आणि त्या काही शेजारच्या चाचोसारख्या भोळ्या नव्हत्या.

"म्हातारे, पाणी उकळू देऊ नकोस हं!" तिचा नवरा आन्सेल्मो बाहेरून ओरडला.

"जन्म गेला माते चहा पाजण्यात, आता मला शिकव!"

तो इस्त्रीचा सदरा घालून गुणगुणत होता.

मारिएला, त्यांची एकुलती एक मुलगी, गेली त्या वर्षी आन्सेल्मो भिंतीकडे तोंड करून निजला तो उठेचना. शाळेत मुलांना पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस, पण जेवायला हाक मारली तरी मान वळवायचा नाही. मग एका संध्याकाळी उरितोर्को डोंगरावर दिवे दिसले. ना आवाज, ना धूर, आणि भरवेगात काटकोनात वळलेले. गावाने पाहिले, त्यानेही खिडकीतून पाहिले आणि तो ताडकन उठून बसला.

"ते हवेला ढकलतच नाहीत गं," तो म्हणाला होता. "ते आपलं वजनच टाकून देतात."

शाळेच्या अडगळीतून त्याने पितळेची जड तबकडी आणली, दोरी गुंडाळून भोवऱ्यासारखी फिरवली आणि तराजूत ठेवली. पारडं हललं नाही. त्याचा चेहरा असा काही पडला, की नेलिदाने न राहवून दुसरं पारडं बोटाने हळूच दाबलं. तो हसला. त्याला हसताना पाहून तिलाही हसू फुटलं, कितीतरी महिन्यांनी. दुसऱ्या दिवशी ती बाजारात जाऊन दोरा घेऊन आली.

आज पारडं वर गेलं नाही, तर तो पुन्हा भिंतीकडे तोंड करणार होता. या खेपेला उठायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टर गास्पारी वेळेवर आल्या. मोजकं बोलल्या. स्वतः आणलेली वजनं घालून त्यांनी तराजू पारखला.

"तराजू खरा आहे," त्या म्हणाल्या.

"बाई, मी सांगतो," चाचो पुढे सरसावला. "डोंगरावरच्या त्या यानांच्या पोटात पारा फिरत असतो. पारा!"

"तुझ्या गाडीच्या पोटात पेट्रोल टिकत नाही, आणि निघाला पारा फिरवायला," आन्सेल्मो म्हणाला. "पारा असो नाहीतर पितळ. जड वस्तू पुरेशी जोरात फिरली, की धरतीची तिच्यावरची पकड सैल होते. मग ढकलायला उरतंच काय?"

नेलिदा किटलीपाशी, तराजूशेजारच्या आपल्या खुर्चीवर बसायला निघाली. माते चहा प्यायचा पोकळ भोपळा एकच, तो हातोहात फिरतो, आणि ओतणाऱ्याला फेरी संपेपर्यंत जागचं उठवायचं नसतं. या रिवाजाच्या आडोशाला तिने एवढी वर्षं काढली होती.

"नेलिदाबाई, तुम्ही माझ्याजवळ बसा," डॉक्टर म्हणाल्या. "इकडे, भिंतीपाशी."

सूर मऊ होता, पण ती विनंती नव्हती.

"अहो, पण माते कोण..."

"मी ओततो की," आन्सेल्मो म्हणाला.

"मास्तर ओतणार? मग आज चिखल प्यायचा!" चाचो खिदळला.

आन्सेल्मो तिच्या खुर्चीवर बसला. पाय जरा लांब केला, की दोऱ्यात अडकलाच. पारडं हललं नाही तरी मरण, आणि दोरा सापडला तर त्याहून वाईट. आपल्याच बायकोने आपल्याला इतकी वर्षं झुलवलं, हे त्याला सगळ्यांदेखत कळणार.

"बाई," ती डॉक्टरांच्या कानाशी लागली, "मला तुम्हाला काही सांगायचंय."

"नंतर."

चाचोने तबकडी फिरवून पारड्यात ठेवली. घुमण्याचा आवाज खोलीभर पसरला. आन्सेल्मोच्या एका हातात किटली होती, दुसऱ्यात भोपळा. पारडं जागचं हललं नाही. चाचोचं हसू मावळलं. नेलिदाने डोळे मिटून घेतले आणि लुहानच्या देवमातेचा धावा सुरू केला.

"अगं आई गं!" चाचो ओरडला.

तिने डोळे उघडले. तबकडीचं पारडं वर गेलं होतं आणि वरच राहिलं होतं.

डॉक्टर उठल्या. पारड्यावरून हात फिरवला, वारा येतोय का पाहिलं, आन्सेल्मोच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "पुन्हा," त्या म्हणाल्या. पुन्हा तबकडी फिरली, पुन्हा पारडं वर गेलं.

"मला हे समजत नाहीये," त्या म्हणाल्या.

चाचोने त्यांना मिठीच मारली. नेलिदाच्या डोळ्यांना धारा लागल्या. म्हणजे खरं होतं! आन्सेल्मो पहिल्यापासून खरंच बोलत होता, आणि आपण उगाच पापाची धनीण झालो. तबकडीला तिच्या मदतीची कधी गरजच नव्हती. इतकं हलकं तिला मारिएला गेल्यापासून वाटलं नव्हतं.

फेरीत तिची पाळी आली. ती उठून टेबलापाशी गेली. आन्सेल्मोने भोपळा तिच्या हातात दिला आणि तिच्या कानाशी वाकला.

"दोरा केवढा आखूड बांधतेस गं. इतकी वर्षं तुझ्या पायात गोळे कसे नाही आले?"