कुलरची जागा

कुलरचा पंप सुरू झाला तशा मयेकर बाई खुर्चीतच मागे वळल्या. खिडकीभर बसलेल्या त्या पत्र्याच्या पेटीकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या.

"म्हणजे आमच्या शाळेतलं ते चौकोनी भोक याच्यासाठी होय," त्या म्हणाल्या.

मुकुंदराव हसले. "मग? पोरांनी का भट्टीत बसून शिकावं?"

बाई कोकणात, अगदी किनाऱ्यावरच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. चक्रीवादळात त्या शाळेचं छप्पर उडालं, भिंती बसल्या, तेव्हा नागपुरातल्या काही मंडळींनी ती पुन्हा बांधून दिली. नकाशा मुकुंदरावांचा. बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांच्या हातून झालेली ती एकच इमारत, त्यामुळे तिच्यावर त्यांचा भारी जीव. बाई भाचीच्या लग्नाला नागपूरला आल्या होत्या आणि कोकमाच्या आगळाची बाटली घेऊन मुद्दाम भेटायला आल्या होत्या. त्या आल्यापासून मुकुंदराव एकाच गोष्टीची वाट बघत होते. शाळा छान झाली, असं बाईंनी एकदा म्हणावं. बाई लग्नाचं बोलल्या, इथल्या उन्हाचं बोलल्या, शाळेचं काही निघेना.

"थंड राहते न शाळा?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"राहते की. भिंती केवढ्या जाड आहेत."

"पश्चिमेची तर दीड फुटाची आहे. तिला एक खिडकी नाही ठेवली मी. फक्त कुलरची जागा, तीही उंचावर. दुपारचं ऊन तिकडूनच येते न."

बाई नुसत्या "हं" म्हणाल्या.

प्रमोदिनीबाई पन्ह्याचे पेले घेऊन बाहेर आल्या. नवऱ्याचं हे भिंतीपुराण त्यांना तोंडपाठ होतं. पेला पुढे करत त्यांनी सहज विचारलं, "पश्चिमेले काय आहे वं बाई तुमच्याकडे?"

"समुद्र," बाई म्हणाल्या.

मुकुंदरावांनी पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि उन्हाने पोळलेल्या नागपूरकराला पश्चिम म्हटली की ऊनच दिसतं. एकदा जागा तर पाहून या, असं प्रमोदिनीबाई तेव्हा मागे लागल्या होत्या. शाळा ती शाळा, इथली काय न तिथली काय, असं म्हणून मुकुंदराव घरीच नकाशा काढत बसले. आता ते शब्द आठवले आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"जुन्या शाळेला होत्या का तिकडे खिडक्या?"

"सगळ्या तिकडेच होत्या." बाई संकोचून बोलत होत्या. "गणित चालू असायचं आणि एखादं पोर मध्येच म्हणायचं, बाई, आमची होडी आली. तेवढं एकदा बोलून झालं की मग त्याचं गणितात लक्ष लागायचं." मग घाईघाईने म्हणाल्या, "पण शाळा मजबूत झाली हो. गावात सगळे म्हणतात, आता कितीही वारा येऊ दे."

"फोडून टाका ती भिंत," मुकुंदराव म्हणाले. म्हणाले खरे, पण फोडणार कशी? सगळ्या स्लॅबचा भार त्याच भिंतीवर होता. तो त्यांनीच तिच्यावर टाकला होता.

"फोडायची कशाला? ते कुलरचं भोक आहे ना. त्याच्याखाली आम्ही स्टूल ठेवलंय. शाळेच्या मागे लगेच खडक, तिकडे पोरांना सोडत नाही; म्हणून ज्यांची होडी बाहेर असेल ती मुलं मधल्या सुट्टीत रांग लावतात. एका वेळी एकालाच दिसतं."

"भांडत असतीन," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"भांडतात तर. मागचा पुढच्याला खाली ओढतो." बाईंनी पन्हं संपवलं आणि रिकामा पेला हातातच धरून ठेवला. "फक्त वेदिकाला कोणी ओढत नाही. तिचे बाबा होडी घेऊन गेले ते त्या वादळातच. आले नाहीत. तीही रोज रांगेत उभी राहते. ती वर चढली की मागची पोरं गप्प होतात."

मुकुंदराव उठले आणि त्यांनी कुलर बंद केला. पंप थांबला. जाळीतून थोडा वेळ पाणी ठिबकत राहिलं, मग तेही थांबलं.

"किती वेळ बघते ती?" त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"घंटा होईपर्यंत," बाई म्हणाल्या. "घंटा माझ्याच हातात असते. मी जरा उशिराच देते."