निनावी बोंब

"आप्पा, तुमचं नाव काढून टाकतोय मी," सत्यजीत म्हणाला.

हौसराव ठिबकच्या नळीतला गाळ झटकत होते. त्यांनी मान वर केली नाही. "कशातनं? रेशन कार्डातनं?"

"गाण्यातनं."

नळी हातातच राहिली. या घरात एकवीस वर्षं त्या गाण्याचा विषय निघाला नव्हता. बापलेक कांद्याच्या भावावर बोलत, उसाच्या तोडीवर बोलत, गुडघेदुखीवर तर तासन्‌तास बोलत. सत्यजीत दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, कारेगावहून खुटबावला यायचा आणि गाणं सोडून जगातल्या सगळ्या गोष्टी बोलून परत जायचा.

बाविसाव्या वर्षी त्यानं तीन मित्रांना गोळा करून रॉक बँड काढला होता. कारेगावला घरच्याच रिकाम्या पोल्ट्रीत भिंतींना बारदानं टांगून त्यांनी आठ गाणी टेप केली. अल्बमचं नाव 'बोंब'. गावच्या जमिनी कंपन्यांना गेल्याचा राग त्यात ठासून भरला होता. पुण्यातल्या जाणकारांनी गाण्यांच्या वेगाचं भारी कौतुक केलं. वेग कसला डोंबलाचा, लाईट जायच्या आत गाणं संपवायचं होतं. चौथं गाणं मात्र खरोखर पेटलेलं होतं. शिमग्याला मारतात तशी त्यात बोंब होती: हौसरावच्या नावानं बोंब!

जमीन द्यायच्या कागदावर गावातली पहिली सही हौसरावांची होती. त्यांचं बघून आणखी चाळीस जणांनी सह्या केल्या. पुढं कुणाचे पैसे टिकले, कुणाचे दोन वर्षांत उडाले. कुरकुर सगळेच करत, पण हौसराव समोर आले की खुर्ची पुढं सरकवत. तोंडावर बोंब मारली ती पोटच्या पोरानंच. ते गाणं कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये वाजलं, वरातीतसुद्धा वाजलं. त्याच वर्षी हौसराव बिऱ्हाड घेऊन खुटबावच्या चार एकरांवर राहायला आले. लोक म्हणाले, पोरानं बापाला गावातून घालवलं. सत्यजीतलाही तसंच वाटत आलं होतं.

त्याचा राग पुढं फार दिवस टिकला नाही. त्याच जमिनींवर उभ्या राहिलेल्या रांजणगावच्या एका कंपनीत तो लागला, आता सुपरवायझर आहे. पोट भरलं की बोंब आपोआप खाली येते.

आणि आता पुण्याची काही मंडळी 'बोंब' नव्यानं काढत होती. दोन मोठ्या रेकॉर्ड, आठही गाणी, शिवाय जुन्या टेपांवर सापडलेलं होतं नव्हतं ते सगळं. सत्यजीतची कॉलेजात जाणारी राजनंदिनी हरखून गेली. चौथं गाणं तिनं तीनदा ऐकलं आणि विचारलं, "पप्पा, हे आजोबांना म्हटलंय?" सत्यजीतला लेकीपुढं उभं राहायची लाज वाटली. चारचौघांत बापाची काढलेली अब्रू आता पुन्हा, जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून विकायला जाणार होती.

त्यावर त्यानं तोड काढली. टेपांमध्ये चौथ्या गाण्याचं पहिलं रेकॉर्डिंग सापडलं होतं. त्यात नाव नव्हतं. 'सही करणाऱ्याच्या नावानं बोंब' एवढंच होतं. नवीन रेकॉर्डवर जुन्याच्या जागी तेच घालायचं. संध्याकाळपर्यंत पुण्याला कळवायचं होतं.

"नाव घालायचं माझ्या मनात नव्हतं, आप्पा," तो म्हणाला. "ड्रमवाल्या सुदर्शननं मला चढवलं. म्हनला, नाव घे, मग बघ गाणं कसं उठतंय. मी बी खुळ्यागत घेतलं. माझं चुकलं."

एकवीस वर्षं घशात अडकलेलं वाक्य एकदाचं बाहेर पडलं. त्याला वाटलं, आप्पा आता हलके होतील. निदान हुंकार तरी देतील.

"ऐकव ते बिननावाचं," हौसराव म्हणाले.

त्यानं फोन बाजेवर ठेवला. गिटार कडकडली, ड्रम धडधडले, बाविशीतला सत्यजीत घसा फाडून ओरडला. बांधावरची शेळी बिचकून लांब गेली. हौसराव डोळे मिटून ऐकत होते. गाणं संपलं तसा सत्यजीतनं फोनकडे हात नेला. आप्पांनी त्याचं मनगट धरलं.

"पुढचं ऐक."

"पुढं काय न्हाई, आप्पा. संपलं गाणं."

"ऐक म्हनतो ना. टेप फिरत व्हती तवा."

खरंच, टेप कुणी बंदच केली नव्हती. तरुण सत्यजीत खोकला, पाणी पिऊन येतो म्हणाला, दार वाजलं. मग जमिनीवर डबा ठेवल्याचा आवाज आला. त्या महिनाभर पोल्ट्रीत रोज दुपारी घरून डबा यायचा. चौघे बंडखोर तो चाटूनपुसून खायचे. कोण आणून ठेवतं, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

फोनमधून सुदर्शनचा घाबरा आवाज आला. "आप्पा! तुम्ही... तुम्ही ऐकलं व्हय?"

"ऐकलं." हा हौसरावांचा आवाज होता, एकवीस वर्षांनी तरुण. "चाल झ्याक हाय. पर निनावी बोंब कुनाला लागायची रे? त्याला सांग, बापाचं नाव घे. आन् मी म्हनलो म्हनून सांगू नको."

सत्यजीतनं आप्पांकडे पाहिलं. ते नळी उचलून पुन्हा गाळ झटकायला लागले होते.

"आवो आप्पा, पर लोक काय म्हनतील?" टेपमधला सुदर्शन म्हणाला.

"म्हनू देत. सही करताना म्या आख्खं नाव लिव्हलं व्हतं."