जीन की जिन

“जीन, काका, जीन! जिन न्हाय!” विनिता तिसऱ्यांदा ओरडली.

बाळारामकाकांवर काडीचा परिणाम झाला नाही. दारात रिक्षा धडधडत उभी होती आणि ते बायकोला, कमळला, जिन उतरवायला निजामपुऱ्यातल्या तावीजवाल्याकडे घेऊन निघाले होते. कमळकाकीच्या छातीतली गाठ काढून वर्ष झालं नव्हतं, तोच ती परत आली होती. आज दहा वाजता नव्या केमोची पहिली सुई होती.

“डॉक्टर सोत्ताच्या तोंडानं बोलला,” काका म्हणाले. “‘इनके जीन ही खराब हैं.’ मी काय बहिरा हाय?”

विनिताने कपाळावर हात मारला. दोन वर्षं ती मुंबईच्या प्रयोगशाळेत याच जीनपायी डोळे फोडत होती, आणि कोन गावात, आपल्याच घरात तिची ही गत! तिने पुन्हा शेतापासून सुरुवात केली.

“लव्हाळा उपटला तरी मातीतली गाठ राहते ना? तशा थोड्या पेशी औषधालाही दाद देत न्हाईत. लपून बसतात आन् परत फुटतात. त्यांना तसं वागायला लावतात ते जीन.”

“लपतो, मरत न्हाय, परत येतो.” काकांनी तीन बोटं मोजली. “मंग जिन दुसरं काय करतो?”

विनिताला हसावं की रडावं कळेना. खरं तर तिला पायरीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. काका विजयी मुद्रेने रिक्षात जाऊन बसले.

काकी मात्र दारातच थांबली. पदराखालची दवाखान्याची फाईल तिने विनिताच्या हातात दिली.

“सुई घेनार हाय मी. त्यांना वाटेत सांगते, माझं ऐकतात ते. पन तू जीन जीन वरडू नको. नारपोलीची मानसं परवाच माझ्या करिश्माला लग्नासाठी बघून गेल्यात.”

“अगं काकी, हे जीन गाठीतले. करिश्माचा काय संबंध?”

“ते तुला कळतं, पोरी. त्यांना आईचं लेकीत उतरतं, एवढंच कळंल.” काकीने पायात चपला सरकवल्या. “जिन कसा, माझ्या एकटीचा हाय.”