सेव्ह केलेला नंबर

पनवेलला माझ्या टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा दवाखान्यातल्या कुमुदताईंनी माझा नंबर घेतला.

"गोळी घेतली का, ते रोज फोन करून विचारीन. माझ्याकडे जीवन नावाचे तीन पेशंट आहेत, त्यामुळे लगेच ओळखू येईल असा सेव्ह करते."

"ताई, गावात कोणाला कळू देऊ नका."

"मी कशाला कुणाला सांगू?"

त्यांनी शब्द पाळला. सहा महिने रोज फोन आला. माझ्या गावात, गव्हाणमध्ये, शेजाऱ्यांना वाटायचं, मी कामाला असलेल्या न्हावा शेवा बंदरातून ड्युटीसाठी बोलावतायत. बरा झाल्याचा कागद मिळाला तोसुद्धा मी खाडीत सोडून दिला.

दोन वर्षांनी लग्नासाठी उरणची प्रांजल बघितली. दोन्ही घरांना पसंत पडलं. तिच्या वडिलांनीच तिचा नंबर दिला. मी पहिल्यांदा फोन लावला.

"ओळखलं का?"



"माझ्या मोबाईलमध्ये नवीन नंबरचं नाव दाखवणारं ॲप हाय. दुसऱ्यांनी तुमचा नंबर ज्या नावानं सेव्ह केला असंल, तेच नाव येतं."

"मग काय आलं?"



"जीवन टीबी गव्हाण."