धुरीच्या खोलीतली बाई

आज भूत येणार नव्हतं, आणि नेमक्या आजच कंपनीच्या मॅडम आल्या होत्या.

पाहुणे व्हरांड्यात चहा पीत होते, तेवढ्यात गाईड एकटाच इमारतीच्या मागे चक्कर मारायला गेला. बेटावरचं हे क्वारंटाइन स्टेशन बंद पडून जमाना लोटला होता. पूर्वी साथीच्या दिवसांत बोटीने येणाऱ्यांना इथे अडकवून ठेवत आणि त्यांच्या सामानाला धुरी देत. आता लोक तिकीट काढून घाबरायला येत. पुरेसे घाबरतात की नाही, हे मॅडम आज स्वतः पाहणार होत्या. नाही घाबरले, तर फेऱ्या बंद आणि गाईड घरी.

आणि घाबरवणारीच सकाळी रुसून बहिणीकडे गेली होती.

कारण भूत म्हणजे त्याची बायको. धुरीच्या लोखंडी खोलीला दोन दारं होती. सामान पुढून आत जाई, मागून बाहेर येई. बायको मागून शिरायची आणि कानात कापूस घालून पुढच्या दाराला टेकून बसायची. गोष्ट संपताना गाईड बाहेरून दाराचं चाक आवळायचा. चाक हललं की ती स्वयंपाकघरातल्या पळीने दारावर टणटण तीन ठोके द्यायची. भलेभले बाप्ये पाय लावून पळायचे.

पण तिला दमा होता. “जीव गुदमरतो माझा आत,” ती काल रात्री म्हणाली. “तुमचं भूत तुम्हीच व्हा आता.” शब्दाने शब्द वाढला. सकाळी त्याने स्वतः तिला बस स्टँडवर सोडलं. घरी परतला तेव्हा पळी खुंटीला लटकत होती. ती पाहून त्याला उगाच भरून आलं.

मागचं दार विटेवर अडून बोटभर उघडं होतं. परवापासून तसंच राहिलं असावं. मॅडमनी चुकून इकडून डोकावलं, तर आतली बसायची उशी दिसून सगळं बिंग फुटायचं. त्याने वीट पायाने बाजूला सारली, दार ढकललं आणि बाहेरून अडसर घातला.

मग तो पाहुण्यांना घेऊन निघाला. न्हाणीघर झालं, तापकऱ्यांच्या खाटा झाल्या. मॅडमनी एकदा जांभई दिली, ती त्याने पाहिली. धुरीच्या खोलीसमोर पोचताच त्याने सगळ्यांना दाराजवळ बोलावलं.

“एका बाईचं गाठोडं इथे धुरीला आलं,” त्याने आवाज खाली आणला. “त्यात तिच्या बाळाचं पांघरूण. बाळ रडायचं थांबेना, म्हणून ती कोणाला न सांगता आत शिरली. कामगारांनी दोन्ही दारं लावून घेतली. आतली हवा आत, बाहेरची बाहेर. ती ठोठावत राहिली आणि बाहेरच्यांना वाटलं, नळात वाफ अडकलीय. अजून ठोठावते ती. पण दार उघडायचं नाही. जो उघडेल, त्याच्या घरची बाई जाते.”

हे शेवटचं वाक्य बायकोचं. एखाद्या आगाऊ पाहुण्याने चाक फिरवलं तर पंचाईत नको, म्हणून तिनेच एकदा भाजी निवडता निवडता सुचवलेलं.

सवयीने त्याने चाक आवळलं.

आतून ठोका पडला.

मग दुसरा, मग तिसरा. पळीचे नव्हेत. तळहाताने मारावेत तसे, बद्द. पळी तर घरी खुंटीला होती. गाईडने चाकावरचा हात झटक्यात काढला.

“वा!” मॅडम पुटपुटल्या.

ठोके थांबले नाहीत. आता ते दोन्ही हातांनी पडू लागले, मागेपुढे, कसेही. मधेच आतून हाक आल्यासारखी वाटली. शब्द कळेना. मागची एक पाहुणी रडायला लागली.

“कोण आहे हो आत?” मॅडमनी विचारलं.

“कोणी नाही, मॅडम. देवाशप्पथ, आज कोणी नाही.”

“अभिनय झकास आहे तुमचा. बघू तरी,” म्हणत त्यांनी चाकाला हात घातला.

गाईडने पुढे होऊन चाकाला मिठीच मारली. “नका उघडू! पाया पडतो तुमच्या.” गोष्ट घरीच रचलेली होती, हे त्याला ठाऊक होतं. पण समोर दार हादरत होतं, आणि त्याला बायकोशिवाय काही सुचत नव्हतं. रुसलेली असू दे, पण असू दे. तिच्या जिवावर बेतेल असं तो काहीही होऊ देणार नव्हता.

त्याने सगळ्यांना जवळजवळ हाकलतच धक्क्यावर आणलं. बोटीत पाय ठेवण्याआधी त्याने कान देऊन ऐकलं. आता काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला हायसं वाटलं.

“फेऱ्या वाढवू या,” बोटीत मॅडम म्हणाल्या. “माझे अजून हात गार आहेत.”

तो कसाबसा हसला. किनारा जवळ आला, मोबाइलला रेंज आली, तसा त्याने बायकोला फोन लावला. लागला नाही. राग अजून उतरला नसेल. हरकत नाही. आता इथूनच बस धरायची, तिच्या बहिणीचं घर गाठायचं आणि सांगायचं, पुन्हा कधी त्या खोलीत पाऊल टाकू नकोस.

सगळे उतरले. बोटवाला हातात दोर तसाच धरून रिकाम्या बाकांकडे बघत राहिला.

“वहिनी कुठायत? मला वाटलं, गर्दीत बसल्या असतील.” त्याने गाईडकडे पाहिलं. “दुपारी, तुमच्या आधीच्या फेरीला मीच सोडलं ना त्यांना बेटावर. म्हणाल्या, यांना सांगू नका हं. आज यांची परीक्षा आहे, मी नको का पाठीशी?”